कर्नल अपग्रेडनंतर लॅपटॉप सुरू होत नाही, पासफ्रेज न विचारताच पॅनिक येतो

शाईदौत:

नमस्कार. कालपासून लॅपटॉप बंद आहे, फोनवरून लिहितेय. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

२०१९ मध्ये या मशीनवर डेबियन १० हे लिनक्स टाकलं होतं, पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे पासफ्रेज (लांब पासवर्ड) दिल्याशिवाय ती उघडत नाही. नंतर कधी नव्याने इन्स्टॉल केलं नाही. १० वरून ११, ११ वरून १२ असं जागच्या जागी वर नेत आले आणि कधी अडलं नाही. काल रात्री १२ वरून १३ वर गेले. पॅकेजं उतरली, उलगडली, बराच वेळ ओळी सरकत होत्या. अगदी शेवटी काही एरर आल्या, त्यात 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असं वाचल्याचं आठवतं. पण डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा रिकामी आहे हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तो संदेश चुकून आला असेल असं समजून रीस्टार्ट केलं.

आता काय होतं ते क्रमाने सांगते. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो. पहिली ओळ आपोआप निवडली जाते. 'लोडिंग लिनक्स ६.१२.४३' (हे नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा) एवढं दिसतं आणि दोन सेकंदांत पडदा अक्षरांनी भरतो. शेवटची ओळ अशी: 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. तिच्या बरंच वर 'हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली काहीच नाही. यादीच रिकामी. कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करत राहतो, पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय मशीन बंद होत नाही. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा हेच.

ती रिकामी यादी पाहून पोटात गोळा आला. डिस्क गेली का? मी पुस्तकांच्या सूची तयार करते. सहाशे पानांच्या एका ग्रंथाची सूची या डिस्कवर आहे आणि तिचा शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. त्यानंतरचं काम दुसरीकडे कुठेच नाही. आणखी एक, नेहमी सुरुवातीलाच पासफ्रेज विचारला जातो, आता तो विचारतच नाही. एन्क्रिप्शन बिघडलं असेल तर डेटा कायमचा गेला, हे वाचलंय. कृपया सांगा, आधी काय करू? आणि काय करू नको?


चौथीखिडकी:

माझ्या मशीनला असं झालं होतं तेव्हा मी सरळ नव्याने इन्स्टॉल केलं, तासाभरात काम झालं. नाहीतर लाइव्ह पेनड्राइव्हने (ज्याच्यावरूनच लिनक्स चालतं) सुरू करा आणि बूट पार्टिशनमधल्या, म्हणजे सुरू होण्याच्या फाइली असलेल्या डिस्कच्या भागातल्या, जुन्या फाइली आरएम या पुसण्याच्या कमांडने उडवून जागा करा. तिथे जुनी कर्नलं साचतात.


तळघर:

शाईदौत, यातलं काहीही करण्याआधी हे शेवटपर्यंत वाचा. इन्स्टॉलर उघडू नका, बूट पार्टिशनमधलं काही हाताने पुसू नका. तुमची डिस्क गेलेली नाही, एन्क्रिप्शनलाही धक्का लागलेला नाही. हे मी धीर देण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही जे जे पाहिलं ते इतकं नेमकं लिहिलंय की कुठे अडलंय हे त्यातच दिसतं.

मशीन सुरू होताना कामं एकाकडून दुसऱ्याकडे सोपवली जातात. फर्मवेअर (मशीनमधलाच मुळातला प्रोग्राम) ग्रबला उठवतो. ग्रब बूट पार्टिशनमधून दोन फाइली मेमरीत आणतो, एक कर्नल आणि दुसरी इनिटरामएफएस. ही दुसरी फाइल म्हणजे एक छोटीशी तात्पुरती फाइल सिस्टिम, जिच्यात डिस्कचे ड्रायव्हर, एन्क्रिप्शन उघडणारा प्रोग्राम आणि रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, शोधणाऱ्या स्क्रिप्ट असतात. डेबियनच्या कर्नलमध्ये डिस्कचे ड्रायव्हर अंगभूत नसतात, मॉड्यूल म्हणून वेगळे असतात, आणि ते याच फाइलमधून मिळतात. पासफ्रेजही हीच फाइल विचारते, कर्नल विचारत नाही.

आता तुमच्याच ओळी पुन्हा वाचा. 'लोडिंग लिनक्स' दिसलं म्हणता. त्याच्याखाली रोज आणखी एक ओळ येते, 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क'. ती तुम्ही लिहिलेली नाही, आणि माझ्या अंदाजाने ती आलीही नसावी. पासफ्रेज विचारला नाही, कारण विचारणारी फाइल आलीच नाही. पार्टिशनची यादी रिकामी, कारण डिस्कशी बोलायचं कसं हे कर्नलला सांगणारं कोणी नव्हतं. डिस्क जागेवर आहे, कर्नलला ती दिसत नाही एवढंच. कंसातले ते दोन आकडेही हेच सांगतात. पहिला आकडा डिव्हाइसचा मुख्य क्रमांक असतो. तिथे ८ असता तर साटाची किंवा यूएसबीची डिस्क सापडली होती आणि फाइल सिस्टिम वाचताना अडलं, असा अर्थ झाला असता. २५९ म्हणजे बहुधा एनव्हीएमई, नव्या धाटणीची एसएसडी. शून्य-शून्य म्हणजे रूट म्हणून दाखवलेलं डिव्हाइसच ओळखता आलं नाही. मग पॅनिक ठरलेलाच.

आणि 'जागा नाही' हा संदेश चुकून आलेला नव्हता, तो खरा होता, फक्त दुसऱ्या जागेबद्दल होता. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलेशनमध्ये बूटचं पार्टिशन वेगळं आणि उघडं असतं. २०१९ च्या तुमच्या मशीनवर ते अडीचशे एमबीच्या आसपास असेल. तेव्हा तेवढं आरामात पुरायचं. पण दरम्यान कर्नल आणि विशेषतः त्यासोबतच्या, वेगवेगळ्या चिपांना लागणाऱ्या फर्मवेअरच्या फाइली खूप फुगल्या. डेबियन १३ च्या प्रकाशन-टिपणांत स्पष्ट लिहिलंय की बूट पार्टिशन किमान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास मोकळी जागा असावी. डेबियन १० किंवा त्याआधीपासून चालत आलेल्या मशीनला ही अडचण येण्याची दाट शक्यता आहे, हेही तिथेच आहे. कर्नलची फाइल लहान, ती मावली. इनिटरामएफएस मोठी, ती अर्ध्यावर अडली आणि अपुरी फाइल काढून टाकली गेली. ग्रबने मात्र जे दिसलं त्यावरून मेनूत नोंद केली, इनिटरामएफएसशिवाय.

आता करायचं काय. तुमचं जुनं ६.१ कर्नल आणि त्याची इनिटरामएफएस अजून बूट पार्टिशनमध्ये असणार. ग्रबच्या मेनूत दुसरी ओळ 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी आहे. बाणाच्या कीने खाली या, एंटर मारा, आत ६.१ ने सुरू होणारी ओळ निवडा. कंसात 'रिकव्हरी मोड' लिहिलेली नको, साधी. पासफ्रेज विचारला की समजा निम्मं काम झालं. एवढंच करा आणि इथे कळवा. आत गेल्यावर सगळ्यात आधी ती सूची पेनड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर.

चौथीखिडकी, फाइली हाताने पुसायला मी का अडवलं ते सांगतो. आरएमने पुसल्या की फाइली जातात, पण पॅकेज व्यवस्थेच्या दप्तरी ते कर्नल आहेच. पुढच्या अपडेटला ती त्याच्यासाठी इनिटरामएफएस पुन्हा बनवायला घेते आणि पार्टिशन पुन्हा भरतं. आणि घाईत चालू कर्नलची फाइल पुसली गेली तर परतीची वाट बंद. मी स्वतः एकदा, असाच रात्रीचा, पॅनिक पाहून नव्याने इन्स्टॉल केलं होतं. होम वेगळ्या पार्टिशनवर आहे अशी खात्री होती. नव्हतं. दोन वर्षांचे फोटो आणि टिपणं गेली, आणि नंतर कळलं की जुन्या कर्नलची नोंद मेनूत होती, फक्त तो मेनू मी उघडला नव्हता. म्हणून या बाबतीत मी एवढा आग्रही आहे.


शाईदौत:

पासफ्रेज विचारला! तुम्ही म्हणालात ती दुसरी ओळसुद्धा दिसली, 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क'. आत्ता ६.१.०-३८ वर आत आहे, सूची पेनड्राइव्हवर घेतली, उघडून शेवटचं पानही पाहिलं. रात्रभर झोप नव्हती, आता जरा श्वास घेतला.

पुढचं सांगा. डीएफ -एच ही जागा दाखवणारी कमांड चालवून पाहिली. बूटसमोर असं आहे: एकूण २३६ एमबी, वापरलेली १८१, मोकळी ४३. रूटवर मात्र ११२ जीबी मोकळी. मी पाहत होते ती ही रूटची ओळ, बूटच्या ओळीकडे कधी लक्षच गेलं नाही. बूटमधल्या फाइलींची यादी एलएसने पाहिली तर तीन कर्नल दिसतात, ६.१.०-३७, ६.१.०-३८ आणि ६.१२.४३. इनिटरामएफएस मात्र दोनच आहेत, ३७ ची आणि ३८ ची, प्रत्येकी ७१ एमबी.


तळघर:

सूची हाती आली हे वाचून फार बरं वाटलं. आता घाई नाही, एकेक करू.

आधी यूनेम -आर चालवून पुन्हा बघा की तुम्ही ३८ वरच आहात. चालू कर्नलला हात लावायचा नाही, जाणार ते ३७. ते आरएमने नको, पॅकेज म्हणून काढायचं. ॲप्टने, म्हणजे पॅकेजं टाकण्याच्या नेहमीच्या साधनाने, प्रयत्न केला तर अर्धवट अपग्रेडमुळे तो कुरकुर करण्याची शक्यता आहे, म्हणून थेट त्याच्या खालचं डीपीकेजी वापरा: 'सुडो डीपीकेजी -पी लिनक्स-इमेज-६.१.०-३७-एएमडी६४'. यातला पी मोठ्या लिपीतला. लहान पी वेगळं काम करतो. पॅकेज गेलं की त्याची इनिटरामएफएसही आपोआप जाते. मग डीएफ पुन्हा. १२० एमबीच्या आसपास मोकळी दिसायला हवी.

त्यानंतर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. काल जे अर्धवट राहिलं ते हे पूर्ण करेल, आणि त्यात नव्या कर्नलची इनिटरामएफएसही येईल. 'अपडेट-इनिटरामएफएस: जनरेटिंग' अशी ओळ दिसेल आणि बराच वेळ काही हलणार नाही. थांबा. ती ओळ आलीच नाही तर हाताने बनवा: 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के' आणि पुढे कर्नलचं पूर्ण नाव, बूट फोल्डरमध्ये दिसतं तसंच्या तसं, '+डेब१३-एएमडी६४' या शेपटासकट.

रीस्टार्टच्या आधी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. एक, 'एलएसइनिटरामएफएस' ही कमांड नव्या फाइलवर चालवा आणि उत्तर ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला देऊन त्यात 'क्रिप्टसेटअप', म्हणजे एन्क्रिप्शन उघडणारा प्रोग्राम, शोधा. ओळी आल्या पाहिजेत. एकही आली नाही तर रीस्टार्ट करू नका, 'क्रिप्टसेटअप-इनिटरामएफएस' हे पॅकेज अपग्रेडमध्ये गळलंय का ते आधी पाहू. दोन, 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा आणि त्याचं उत्तर नीट वाचा. प्रत्येक 'फाउंड लिनक्स इमेज' च्या खाली 'फाउंड इनिटआरडी इमेज' अशी जोडीची ओळ हवी (ग्रब इनिटरामएफएसलाच इनिटआरडी म्हणतो). काल ६.१२ ची ओळ तिथे एकटीच असणार. आज जोडी दिसली की रीस्टार्ट.


उलटमोजणी:

तळघर यांनी सगळं सांगितलंच आहे. पण हा धागा पुढे दुसऱ्या कोणी उघडला आणि त्यांना दिसणारं चित्र वेगळं असलं तर गोंधळ व्हायला नको, म्हणून लिहितो.

पॅनिक न येता 'इनिटरामएफएस' असं कंसात लिहिलेला प्रॉम्प्ट समोर आला आणि वर 'अलर्ट! यूयूआयडी अमुक डझ नॉट एक्झिस्ट' असेल, तर इनिटरामएफएस आलेली आहे, तिला रूट सापडत नाही. तिथल्या तिथे 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' आणि 'बीएलकेआयडी' चालवून दोन्हीकडचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) पडताळा. डिस्क उशिरा जागी होत असेल तर मेनूतल्या ओळीवर ई दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'रूटडिले=१०' लावून बघता येतं. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता राहतो, त्यामुळे भीती नको.

आणि पासफ्रेज घेतला, ओळी सरकल्या, मग पडदा काळा, असं असेल तर बहुधा ग्राफिक्सचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झालेला नाही. जुन्या कर्नलवर येऊन 'डीकेएमएस स्टेटस' (बाहेरून टाकलेल्या ड्रायव्हरांची स्थिती) बघा, नव्या कर्नलचं नाव त्यात नसेल तर उत्तर मिळालं. कर्नल हेडर्सचं पॅकेज राहून गेल्याने असं बऱ्याचदा होतं. तोवर त्याच लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लावून आत जाता येतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि ग्रबच 'बॅड शिम सिग्नेचर' म्हणत असेल, तर सहीचा प्रश्न आहे, इनिटरामएफएसचा नाही.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर इनिटरामएफएसची फाइल ड्रॅकट बनवतो, कमांड 'ड्रॅकट --फोर्स --केव्हर'. तिथे शेवटची तीन कर्नलं ठेवण्याची सोय मुळातच आहे. आर्च लिनक्सवर मात्र जुनं कर्नल मागे राहत नाही, नवं त्याच्या जागी बसतं. तिथे 'लिनक्स-एलटीएस' हे दुसरं कर्नल शेजारी ठेवलं नसेल तर लाइव्ह यूएसबीशिवाय वाट नाही. लाइव्ह यूएसबीवरून एन्क्रिप्टेड डिस्क उघडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, क्रिप्टटॅब या एन्क्रिप्टेड डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये जे नाव आहे त्याच नावाने उघडा. दुसऱ्या नावाने उघडली तरी आत जाता येतं, सगळं ठीक दिसतं, पण तिथून बनवलेल्या इनिटरामएफएसमध्ये एन्क्रिप्शनची माहिती उतरत नाही आणि तुम्ही पुन्हा तिथेच येता. यात माझे दोन दिवस गेले होते.


शाईदौत:

हे मी लॅपटॉपवरूनच लिहितेय. यूनेम -आर आता ६.१२.४३ दाखवतं.

३७ काढल्यावर मोकळी जागा ४३ वरून १२२ झाली. कॉन्फिगरला वेळ लागला. 'जनरेटिंग' ची ओळ आली आणि मी कीबोर्डवरून हात काढून बसले होते. नवी फाइल ८१ एमबीची झाली. क्रिप्टसेटअपच्या ओळी सापडल्या. अपडेट-ग्रबमध्ये जोड्या लागल्या, त्या मी कागदावर टिक करत वाचल्या, सूचीतले पृष्ठांक तपासते तशा. रीस्टार्ट केल्यावर 'इनिशियल रॅमडिस्क' ची ओळ आली, पासफ्रेज विचारला. त्यानंतर ॲप्टचं फुल-अपग्रेड पुन्हा चालवलं, राहिलेली काही पॅकेजं आली.

दोन शंका आहेत. बूटमध्ये आता ४० च एमबी उरलीय, म्हणजे हे पुन्हा होणार का? आणि 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' या बूटच्या नोंदींच्या यादीमध्ये कालचे चार फसलेले प्रयत्न दिसतच नाहीत. अपग्रेडच्या आधीचा बूट आणि त्याला लागून थेट आजचा. काही नोंद हरवलीय का?


तळघर:

नोंद हरवलेली नाही, ती लिहिलीच गेली नाही. जर्नल रूटवर लिहिलं जातं, आणि त्या चार वेळा रूट माउंट होण्याच्या आधीच सगळं थांबलं. म्हणून अशा वेळी पडद्याचा फोटो काढून ठेवावा लागतो. लॉगमध्ये नंतर शोधून काही मिळत नाही. तुम्ही शेवटची ओळ आणि ती रिकामी यादी लिहून आणली नसती तर मलाही अंधारातच चाचपडावं लागलं असतं.

जागेचं म्हणाल तर होय, आहे तसं ठेवलं तर पुन्हा होणार, आणि नवं कर्नल येण्याची वाटही बघावी लागणार नाही. इनिटरामएफएस पुन्हा बनते तेव्हा नवी फाइल आधी जुनीच्या शेजारी लिहिली जाते आणि मग तिची जागा घेते. ८१ च्या शेजारी आणखी ८१ लागतील, तुमच्याकडे ४० आहेत. फर्मवेअरचं किंवा क्रिप्टसेटअपचं साधं अपडेट आलं तरी अडेल.

यावर आजचा उपाय असा. 'इटीसी' मधल्या 'इनिटरामएफएस-टूल्स' फोल्डरमध्ये 'इनिटरामएफएस.कॉन्फ' आहे. त्यात 'मॉड्यूल्स=मोस्ट' असेल, ते 'मॉड्यूल्स=डेप' करा. मोस्ट म्हणजे जवळजवळ कुठल्याही मशीनवर चालेल एवढं सामान भरणं, डेप म्हणजे या मशीनला लागतं तेवढंच. हे मी काल मुद्दाम सांगितलं नाही. डेप चालू कर्नलच्या हार्डवेअरकडे पाहून ठरवतो, आणि ६.१ वर बसून ६.१२ ची यादी त्याच्याकडून करून घेण्यात थोडा धोका होता. आता तुम्ही ६.१२ वरच आहात. पण ४० एमबीत पहिली फाइल लिहिताना अडायला नको, म्हणून आधी ३८ साठी बनवू नका, फक्त ६.१२ साठी बनवा: '-यू -के' आणि पूर्ण नाव. ३८ ची जुनी मोठी फाइल आहे तशी राहू दे, तीच तुमची परतीची वाट आहे. डेपची किंमत एवढीच की ही डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर कदाचित सुरू होणार नाही.

पार्टिशन मोठं करण्याच्या मागे आत्ता लागू नका. बूटच्या लगेच मागे एन्क्रिप्टेड भाग आहे, तो आक्रसून सरकवणं होतं, पण तिथे एक आकडा चुकला तर परत फिरता येत नाही. सूचीचं काम छापायला गेलं की, दोन ठिकाणी बॅकअप घेऊन, एक जीबीचं बूट ठेवून निवांत नव्याने इन्स्टॉल करा.


शाईदौत:

केलं. डेपने फाइल ३४ एमबीची झाली, बूटमध्ये आता ८७ मोकळी. रीस्टार्ट करून पाहिलं, पासफ्रेज विचारला, आत आले. ३८ कधी काढू?


तळघर:

आठवडाभर राहू दे. वायफाय, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जाग येणं, बाहेरचा मॉनिटर, आवाज, तुम्ही रोज वापरता ते सगळं ६.१२ वर एकदा होऊन जाऊ दे. मग ३७ काढलं तसंच काढा. पण पुढचं ६.१२ येऊन त्याच्यावर एकदा बूट झाल्याशिवाय काढू नका, कारण तोवर मेनूत दुसरं कर्नल तेवढं एकच आहे. ते नवं यायच्या आधी डीएफमधली बूटची ओळ बघायची आठवण ठेवा.